जांभळ्या-पोपटी काठाची शाल

१२ जानेवारी, सोमवार

नाही, तू मध्ये बोलूच नकोस. मी नवी वही उघडली रे उघडली की तुझं सुरू, "ही तरी पुरी करणार का?" कोण आहेस तू, माझ्याच डोक्यातला वाचक ना? माझी खाजगी डायरी वाचायची आणि वर मलाच प्रश्न? हो, क्रियापदं नसलेली कादंबरी मी सोडली. इथल्या मेट्रोच्या, एमआरटीच्या अनाउन्समेंट्सच्या भाषेतली होती तीही सोडली. पण हे पुस्तक पुरं होणार, कारण या वेळी माणूस खराखुरा आहे आणि माझ्याच ब्लॉकमध्ये, बाराव्या मजल्यावर येऊन उतरलाय.

सोलैयप्पन! मिठागरातल्या बायकांवर सिनेमा काढणारे. वाळूचे ट्रक अडवायला गावकऱ्यांबरोबर नदीत उभे राहून जेलमध्ये गेलेले. मग स्वतःचा पक्ष काढून तीन वेळा पडलेले. कॉलेजात फिल्म क्लबमध्ये तो मिठाचा सिनेमा बघून मी आठवडाभर जेवणात मीठ कमी घालत होते. ते सोलैयप्पन आज सिंगापूरच्या सेंगकांगमध्ये, माझ्या लिफ्टमध्ये!

आणि मी काय केलं? हिंदीत विचारलं, "अंकल, कौनसा फ्लोर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या पायावर सुटकेस ठेवली. मग तमिळमध्ये जे सुरू झाले ते माझा नववा मजला आला तरी चालूच. शेजारी त्यांची मुलगी कयल हसू दाबत उभी. ती इथे डेंटिस्ट आहे, आमची तोंडओळख आहे. म्हणाली, "अप्पा म्हणतायत, हिंदी लादू नका म्हणून ते तरुणपणी जेलमध्ये गेले, आणि आता लिफ्टमध्येपण सुटका नाही."

"सॉरी सर, मी मराठी आहे."

"मग मराठीत विचार ना," ते इंग्लिशमध्ये म्हणाले. "मला कळलं नाही तरी चालेल."

मी दार धरून मराठीत विचारलं, "काका, कितवा मजला?" ते खूश होऊन म्हणाले, "बारा." झाली ओळख.

१५ जानेवारी, गुरुवार

पोंगल. कयलकडे गोड भात. मी हिंमत करून विचारलं, तुमच्यावर मराठीत पुस्तक लिहू का? ते महिनाभर इथेच आहेत. म्हणाले, "लिही. मराठीत आहे म्हणजे माझ्या पक्षातलं कोणी वाचणार नाही. मला मोकळं बोलता येईल."

रोज सकाळी सात वाजता खालच्या कोपीटियाममध्ये, म्हणजे इथल्या कॉफीच्या टपरीत बसायचं, मी रेकॉर्ड करायचं, मग वन-नॉर्थला ऑफिस. त्यांना 'अय्या' म्हणायचं असतं, आदराने. मला आधी तोंडातून निघेना. वाटायचं मी लाजतेय.

पुण्याला दिलीप सरांना फोन केला. प्रकाशक माणूस, लगेच ताठ बसल्याचं ऐकू आलं. "गार्गी, ह्याला म्हणतात विषय! पडद्यावरून विधानसभेत. उन्हाळ्यात त्यांच्याकडे निवडणूक. या वेळी मोठ्या आघाडीत घेतायत त्यांना, सीट हमखास निघणारी आहे. ते आमदार झाले की त्या आठवड्यात पुस्तक बाजारात. मात्र शेवट विजयाचा हवा हं. पडलेल्या माणसाची चरित्रं माझ्याकडे गोडाऊनभर आहेत."

म्हणजे अय्या जिंकले तर मी लेखिका. नाहीतर मी वन-नॉर्थमध्ये अ‍ॅपच्या बटणांवर 'पुढे' लिहायचं की 'सुरू ठेवा', हे ठरवणारी बाई. तेच तर माझं काम आहे.

१९ जानेवारी, सोमवार

आजचं रेकॉर्डिंग वाया. मी विचारलं, पक्ष काढायचं नेमकं कधी ठरलं? म्हणाले, "नदीत उभे होतो तेव्हा. पाणी इथपर्यंत. ट्रकच्या मागून सूर्य आला आणि उडणारी वाळू सोन्यासारखी. माझ्याकडे कॅमेरा नव्हता, गार्गी-मा. काय शॉट गेला!"

मी म्हटलं, आणि पक्ष?

"हो, तो काढला मग. सगळे म्हणाले काढा."

दुसरा प्रश्न, पहिल्या पराभवाच्या रात्री काय वाटलं? ते कोपीटियामच्या पंख्याकडे बघत बसले. "त्या म्हाताऱ्या आजी बघ. पंख्याची सावली तिच्या कपात पडते. ती पिते, सावली हलते. तुझा फोन दे." माझा फोन घेऊन आजींचं शूटिंग! आजी म्हणाल्या, "Uncle, you want, you pay for my kopi lah." त्यांनी दिले.

तेवढ्यात दुरैसामीचा फोन. हा पक्षाचा सरचिटणीस, अर्ध्या-अर्ध्या तासाने फोन करतो. अय्या, आघाडीची बैठक. अय्या, सीटचं वाटप. अय्या फोन लांब धरून "हं, हं" करत आजींच्या कपाकडे बघतात. राजकारणाचा ताण किती असतो बघ. ध्यान दुसरीकडे लावावं लागतं बिचाऱ्यांना.

२१ जानेवारी, बुधवार

शनिवारी इथल्या मराठी मंडळाचा संक्रांत मेळावा. मी सुचवलं, त्यातच अय्यांचा मिठाचा सिनेमा दाखवू, मराठी सबटायटल्स मी करते. अध्यक्ष पद्माकर काकांना सिनेमा चालेल, पण माणूस राजकारणी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. ते तांजोंग पगारला बँकेत आहेत. सिंगापूरमध्ये काय चालतं आणि काय नाही, हे त्यांना सरकारपेक्षा जास्त ठाऊक असतं.

"गार्गी, आपण नोकरीच्या पासवर राहणारी माणसं. परक्या देशाचं राजकारण इथल्या स्टेजवर नको. एक शब्द जरी बोलले ना, तर मी माइक बंद करणार."

स्मिताताईंनी सगळ्या परवानग्या काढून आणल्या. त्या सेक्रेटरी, त्यांच्यापुढे कुठलंही ऑफिस वाकतं. मग दीपप्रज्वलनाचा घोळ. अय्या नास्तिक, समई लावणार नाहीत. काका म्हणाले, दिव्याशिवाय मेळावा कसा? मी अय्यांना विचारलं. ते म्हणाले, "मी प्रोजेक्टर लावतो. तोपण दिवाच आहे." काकांनी दोन मिनिटं विचार केला आणि हार घालायला प्रोजेक्टरला जागा कुठे आहे ते विचारलं.

शाल-श्रीफळाची जबाबदारी माझ्यावर. काका म्हणाले, "आपली नेहमीची लोकरीची नको. त्यांना घरची वाटेल अशी आण. तमिळ पद्धतीची. पाहुण्याचा मान त्याच्या रीतीने ठेवायचा."

किती छान विचार ना? काकांबद्दल मी उगाच वाईट बोलते.

२२ जानेवारी, गुरुवार

ऑफिस सुटल्यावर लिटिल इंडियात टेक्का मार्केटपाशी गेले. दुकानदाराने पांढऱ्या शाली काढल्या, प्रत्येकीला वेगवेगळ्या जोडरंगाचे काठ. लाल-काळे, निळे-पिवळे, काय काय. माझा डोळा एकीवरून हलेना. जांभळा आणि पोपटी! दुकानदार म्हणाला, "मागच्या इलेक्शनला ही सगळी संपली होती. गावी पाठवायला न्यायचे लोक."

म्हणजे चालणारं डिझाइन. घेतली.

"मोठे पाहुणे आहेत का?"

"सिनेमावाले. कलावंत आहेत."

"मग दुसरी बघता का? ही जरा..." तो थांबला.

मी म्हटलं, हीच. कलावंताला भडक चालतं. त्याने खांदे उडवले आणि बांधून दिली. विकणाऱ्यालाच आपल्या मालाची किंमत नसते.

२४ जानेवारी, शनिवार

इतका सुंदर दिवस!

हॉल भरलेला. एसी इतका गार की बायका नेसत्या शालूचा पदर दोन वेळा गुंडाळून बसल्या. अय्यांनी प्रोजेक्टर लावला, टाळ्या. सिनेमा संपला तेव्हा पद्माकर काका चष्मा पुसत होते, आणि ते सबटायटल्स माझे होते, कळलं ना तुला? माझे!

मग सत्कार. काकांनी शाल घातली. काठ आतल्या बाजूला गेला होता, नुसतं पांढरं दिसत होतं. अय्यांनी खाली बघितलं. एक टोक उचललं, काठ बघितला, थांबले. मग माझ्याकडे बघितलं आणि डोळे असे चमकले त्यांचे! (आवडली!) त्यांनी शाल उलटवून काठ बाहेर आणला, छातीवर दोन्हीकडे सारखा केला. फोटो काढणाऱ्या वरदला म्हणाले, "अजून एक घ्या. जवळून. लाइट त्या बाजूने." शाल इतकी आवडलेला सत्कारमूर्ती मी मंडळात बघितलेला नाही. एरवी लोक ती खुर्चीच्या पाठीला टाकतात.

भाषण दोन मिनिटांचं, फक्त मिठावर. राजकारणाचा र नाही. काकांचा हात माइकच्या बटणावर होता, तो सुटला. तिळाचे लाडू चार खाल्ले अय्यांनी. नारळही घेतला, "हा देवाचा नाही, चटणीचा," म्हणून.

वरदने फोटो मंडळाच्या फेसबुकवर टाकलेत. जवळून घेतलेला सगळ्यात छान आलाय. अय्यांनी तो स्वतः शेअर केला. पंचाहत्तरी उलटल्यावर असा उत्साह!

२५ जानेवारी, रविवार

मी मेले.

सकाळी कयलचा फोन, "वर ये." वर गेले तर अय्यांचे दोन्ही फोन वाजतायत, टीव्हीवर तमिळ न्यूज चॅनल, आणि त्यात आमचा हॉल! संक्रांतीचे पतंग मागे लटकतायत, पद्माकर काका हसतायत, आणि मध्ये अय्या, जांभळ्या-पोपटी शालीत.

कयलने समजावलं. तमिळनाडूत धोतराचा नाहीतर शालीचा काठ म्हणजे पक्ष. पोरालाही कळतं. जांभळा-पोपटी कोणाचा? तर ज्या पक्षाच्या पुढाऱ्याचे वाळूचे ट्रक होते, त्यांचा. ज्यांनी अय्यांना जेलमध्ये घातलं, त्यांचा! खाली पट्टी फिरत होती. कयलने वाचून दाखवली, "सोलैयप्पन यांचं सिंगापुरात पक्षांतर."

मला त्यांच्या पक्षाचा झेंडा माहीत होता. जाहीरनामा माहीत होता. काठ मला कोणी सांगितलाच नाही! पाहुण्याचा मान त्याच्या रीतीने ठेवायला गेलो आणि त्याला त्याच्या शत्रूच्या रंगात गुंडाळलं.

मी रडत म्हटलं, "अय्या, मी आत्ता लिहिते सगळीकडे, माझी चूक आहे, तुमची नाही."

ते इडली खात होते. "थांब. दोन-चार दिवस काही लिहू नकोस."

"पण आघाडी? तुमची सीट?"

"चटणी घे. मंडळाच्या नारळाची आहे."

धक्का बसला की माणसं अशीच वागतात. मी वाचलंय.

२६ जानेवारी, सोमवार

मंडळाची तातडीची मीटिंग, ऑनलाइन. पद्माकर काकांचा चेहरा पडद्यावर येण्याआधी आवाज आला. "एक शब्द बोलले नाहीत हो ते! मी माइकपाशी बसून एकेक शब्द ऐकत होतो! शालीवर लक्ष ठेवायचं असतं हे मला काय ठाऊक?"

स्मिताताई म्हणाल्या, "काका, शाल तुम्हीच घातलीत. फोटोत तुमचाच हात आहे."

"म्हणजे मी घातलं त्यांना पक्षात?"

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

काकांचा कॅमेरा बंद झाला. मग मलाच खुलासा लिहायला सांगितला. मी म्हटलं, अय्यांनी थांब म्हटलंय. यापुढे शाल शुद्ध पांढरी, बिनकाठाची, असा ठराव झाला. वरद म्हणाला, ती चादर दिसेल. त्यावर अर्धा तास.

तिकडे आघाडीने अय्यांची सीट काढून दुसऱ्याला दिली. गेली. एका शालीपायी माणसाचं आयुष्यभराचं राजकारण आणि माझं पुस्तक, दोन्ही गेलं. दिलीप सरांनी तीन वेळा फोन केला. मी उचलला नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

कहर. दुरैसामी, तो अर्ध्या-अर्ध्या तासाचा सरचिटणीस, आज सकाळी स्वतःच जांभळ्या-पोपटी पक्षात गेला! त्याला वाटलं साहेब आधी पोचले, आपल्याला उशीर होईल. टीव्हीवर म्हणतो, "माझं तर सहा महिन्यांपासून बोलणं चालू होतं." शाल घेऊन उभा, जागा शोधतोय आणि त्याचे नवे पुढारी विचारतायत, सोलैयप्पन कुठेत?

अय्या इतके हसले की खोकला लागला. कयलने पाठ चोळली तेव्हा म्हणाले, "सहा महिने! आणि मला वाटायचं फोन बॅटरी संपेपर्यंत माझ्यासाठीच करतो."

मग त्या पक्षाचाही फोन आला. स्पीकरवर. स्वागत आहे, सन्मानाची जागा देऊ, कधी येताय? अय्या म्हणाले, "सध्या जमणार नाही. मी फोनवर शूट करायला शिकतोय."

माणूस दुःखातही किती विनोदी राहू शकतो, मी शिकतेय.

जाताना लिफ्टपाशी कयल म्हणाली, "तू उगाच मनाला लावून घेतेस. अप्पा थिएटरचा पडदा बघून सांगतात हा पांढरा कुठल्या गावचा. फिल्म लॅबवाले त्यांना घाबरायचे. त्यांना तो काठ कळला नसेल?"

किती मनाची मोठी आहे ती. मला बरं वाटावं म्हणून वडिलांवर ढकलते. पण अय्यांचं वय काय, हॉलमधला उजेड काय. दिसला नसणारच नीट.

२८ जानेवारी, बुधवार

ऑफिस बुडवलं. पोट दुखतंय असं सांगितलं.

संध्याकाळी मी वरती असताना सेल्वीचा फोन आला. ही मासेमारी करणाऱ्या गावातली, पक्षाचं महिलांचं काम बघते. अय्यांनी रेकॉर्डिंगमध्ये एकदा म्हटलं होतं, ती सभेत बोलायला उभी राहिली की मी निर्धास्त डुलकी काढतो. आतापर्यंत आलेले सगळे फोन ओरडणारे नाहीतर रडणारे. मी कान झाकायच्या तयारीत.

ती काय म्हणाली ते कयलने मला सांगितलं. म्हणाली, "अय्या, तिकडे खूप थंडी आहे का? मिळेल ती शाल पांघरलीत म्हणून विचारलं. वाळूच्या ट्रकची नवी केस आम्ही काल कोर्टात टाकली. तुम्ही जेवा वेळेवर."

बस. काठाबद्दल एक प्रश्न नाही.

अय्यांनी फोन ठेवला आणि ते बाल्कनीत गेले. खाली एलआरटीचा, त्या छोट्या ट्रेनचा डबा वळसा घालून गेला. मग म्हणाले, "कयल, उद्या माझा चांगला शर्ट इस्त्री कर."

३० जानेवारी, शुक्रवार

काल व्हिडिओ केला. फोन मी धरला होता. अय्यांनी मला तीनदा थांबवलं, "हात नको हलवूस," आणि एकदा, "रडू नकोस, आवाज येतो."

ते म्हणाले (कयलने नंतर अर्थ सांगितला), "मी कुठल्याही पक्षात गेलो नाही. ही शाल मला मराठी लोकांनी दिली. त्यांना आपले रंग ठाऊक नाहीत. त्यांना हॉलमधला एसी ठाऊक होता. ज्यांनी शाल बघून उड्या मारल्या त्यांना शुभेच्छा. जी तरीही कोर्टात गेली, पक्ष तिचा. आजपासून सेल्वी अध्यक्ष. मी साधा सभासद, वर्गणी भरणार, भाषण करणार नाही. नदीत उभं राहायला बोलावलंत तर येईन. या वेळी कॅमेरा घेऊन येईन."

तिकडे सेल्वीच्या गावात फटाके. पद्माकर काकांनी 'मराठी लोकांना ठाऊक नाही' एवढा भाग सात ग्रुपवर पाठवला, जणू कोर्टाचा निकाल लागला.

मी अय्यांना म्हटलं, माझ्यामुळे तुमचं सगळं संपलं. मला माफ करा.

त्यांनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली. मग म्हणाले, "गार्गी-मा, पक्ष काढलेल्या माणसाला राजीनामा द्यायला कोणी नसतं. अकरा वर्षं मी जागा शोधत होतो, तो पक्ष कोणाच्या हातात ठेवू. तुझी रंगाची निवड फार चांगली आहे."

टोमणा मारायची पण किती सभ्य रीत. मला मान वर करवेना.

पुस्तकाचंही विचारलं त्यांनी. मी प्रकरणं इंग्लिशमधून वाचून दाखवली. पाच मिनिटांत थांबवलं. "यात मी फार शहाणा आहे. आणि तू कुठेच नाहीस. हे दिलीपला हवं ते पुस्तक आहे. तुला हे लिहायचंय?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, नाही. मला जे लिहायला मजा आली ते सगळं कोपीटियाममधल्या आजींचं होतं, लिफ्टचं होतं, नारळाचं होतं. विजयाचं प्रकरण मी पहिल्या दिवसापासून एकदाही उघडलं नव्हतं.

"मग चल, दुसरं काहीतरी करू," ते म्हणाले. सिनेमा. छोटा. सेंगकांगमध्ये एक म्हातारा येतो आणि त्याला त्याची कुठलीच भाषा न येणारी एक आजी भेटते. कोपीवाल्या आजींनी होकार दिलाय, मानधन रोज एक कोपी, साखर जास्त. लिहायचं मी. पगार नाही, श्रेय आहे, आणि शनिवार-रविवारच. स्मिताताई परवानग्यांच्या मागे लागल्या आहेत, आता त्या थांबत नाहीत.

१ फेब्रुवारी, रविवार

पहाट. अजून उजाडायचंय. पहिला शॉट एलआरटीत, पुढच्या काचेपाशी. गाडीला ड्रायव्हर नसतो, त्यामुळे समोरची जागा रिकामी मिळते आणि अय्यांना तिथून ऊन दोन बिल्डिंगच्या मधून येताना हवंय. उशीर झाला तर ऊन थांबणार नाही, असं काल तीनदा बजावलंय. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस रात्रभर झोपला नाही म्हणे. कयल वैतागलीय, "अप्पा like small boy, lah."

आत्ता, दार उघडायच्या आधी, दिलीप सरांना मेसेज केला. "सर, तुम्हाला हवं ते पुस्तक मी लिहिणार नाही. ते आमदार होणार नाहीत. त्यांना व्हायचंच नाहीये असं मला हल्ली वाटतं. मी जे लिहितेय ते कसलं आहे अजून माहीत नाही, पण ते पुरं होणार. राग मानू नका. गार्गी."

दोन निळ्या टिक्स. पुण्यात अजून रात्र, हा माणूस झोपत नाही का? वर 'टायपिंग' आलं. गेलं. पुन्हा आलं. काहीतरी लांबलचक येतंय.

तूही तोंड उघडतोयस, दिसतंय मला. पण शूटिंग याच फोनवर आहे आणि अय्यांचा नियम आहे, सेटवरच्या फोनला आवाज करायची परवानगी नाही. फ्लाइट मोड केला. लिफ्ट आली, आत अय्या आहेत, बूट उलटसुलट घातलेत. चालले मी.